नेडच्या मधमाश्यांना कुणी सांगायचं?

अख्खी इंग्रजी भाषा शिकायच्या फंदात कुणी पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक क्रियापद निवडावं आणि त्याच्याशी इमानानं संसार करावा! मी ‘टेल’ निवडलं.

आमचे अनंतराव दातांचे डॉक्टर. ते परीक्षा देऊन, पदव्या घेऊन इंग्रजी शिकले. मी शिकले ऑल्डरकोट गावातल्या ग्विलियमबाईंच्या दुकानात, बटाटे आणि पोस्टाची तिकिटं यांच्या मधल्या जागेत उभं राहून. बाईंनी पहिल्याच आठवड्यात भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं आणि मला ‘टेल’ करायला सांगितलं. म्हणजे किती वाजले ते. मग त्यांच्या दोन मेंढ्या दाखवल्या, एकसारख्या, जशा काही जुळ्या सुना. त्यांच्यातली कुठली कोण हे ओळखायचं, तेही टेल! कुत्र्यानं लोणी चाटलं म्हणून त्याला झापलं, ते टेल. कुत्र्यानं लोणी चाटलं ही चुगली मी केली, तेही टेल. जत्रेत हात बघून भविष्य सांगतात ते टेल, बँकेत खिडकीआड बसून नोटा मोजतो तो टेलर, आणि गावात कुणी गेलं की चर्चच्या घंटेचे जे ठोके पडतात, त्यांनाही म्हातारी माणसं टेलरच म्हणतात. आता मला सांगा, जन्मापासून मरेपर्यंत आणखी काय लागतं हो माणसाला?

पण या क्रियापदाचा खरा दागिना वेगळाच आहे. आपल्याकडं सांगायला तोंड लागतं. इथं नुसते डोळे पुरतात! ढगाकडं बघून पाऊस ओळखला, टेल. चालीवरून गुडघा ओळखला, टेल. मला तर त्याचं व्यसनच लागलं. पाद्रीबुवांनी केसांना कलप लावलाय हे गावात सगळ्यांत आधी मी ओळखलं. ग्विलियमबाईंची भाची दोन जिवांची आहे हे तर भाचीच्याही आधी! “मला न सांगता कळतं,” असं मी दिवसातनं इतक्यांदा म्हणायचे, की अनंतराव एकदा वैतागून म्हणाले, “मग माझी कवळीची किल्ली कुठंय ते सांग.” ती मात्र नाही कळली. कवळीला किल्ली असते हेच मला माहीत नव्हतं. (नसतेच. माझी परीक्षा घेत होते.)

असो. सांगायचं होतं ते नेड बेडोजबद्दल.

नेड आमच्या शेजारचा. ऐंशीच्या पुढचा, बांबूसारखा उंच आणि बांबूइतकाच बोलका. जन्मभर रेल्वेच्या फाटकावर नोकरी केली, त्यामुळं गाडी यायच्या आधी काही बोलायचं नाही अशी सवय. त्याची बायको डिलिस तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्या मधमाश्यांच्या पेट्या मागच्या सफरचंदांच्या बागेत अजून ओळीनं उभ्या आहेत. डिलिस नुसत्या हातांनी पेटी उघडायची, जाळी नाही, हातमोजे नाहीत. तिच्यामागं नेड सांभाळायला लागला. त्या माश्या म्हणजे त्याच्यासाठी माश्या नव्हत्याच. डिलिसचं जे काही या जगात हलत-बोलत राहिलं होतं, ते तेवढंच. रोज संध्याकाळी तो बागेत जाऊन पेट्यांशी काहीतरी पुटपुटायचा. माणसांशी बोलायचे सगळे शब्द त्यानं तिकडंच राखून ठेवले असावेत.

आता इकडचा रिवाज असा, की घरात कुणी गेलं तर माणसांच्या आधी मधमाश्यांना सांगायचं. घराची किल्ली घ्यायची, प्रत्येक पेटीवर तीनदा ठोठावायचं, गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि पेटीला काळी फीत बांधायची. सांगितलं नाही, किंवा त्यांच्याआधी दुसऱ्या कुणाला सांगितलं, तर माश्या रुसतात. उठून निघून जातात नाहीतर आतल्या आत मरतात. आणि त्यांच्याशी खोटं? छे! ऑल्डरकोटमध्ये लोक कर भरताना खोटं बोलतील, पाद्र्याशी बोलतील, पण मधमाश्यांशी नाही.

गेल्या वर्षीच्या वसंतात नेडनं मला बागेच्या फाटकाशी थांबवलं. “पोरी,” तो म्हणाला. मी चौपन्न वर्षांची, पण त्याच्या हिशेबानं पोरच. “मी गेलो की यांना तू सांगायचं.”

“मी? अहो, तुमचा मुलगा...”

“तो कॅनडात. फोनवरनं सांगणार पेट्यांना?” मग खूप वेळ थांबून, फाटकातून एक मालगाडी जाऊ द्यावी तसा, “तुझा आवाज त्यांच्या ओळखीचा आहे. आणि तुला सांगायची हौस.”

त्यानं खिशातून घराची लोखंडी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. त्या रात्री मला झोप लागली नाही. तीस वर्षं या गावात राहिले. मला जत्रेत केक कापायला बोलावलं, चर्चमध्ये फुलं मांडायला बोलावलं, पण असलं काम सांगितलं नव्हतं कुणी. हे काम घरच्या माणसाला सांगतात.

तर ऑक्टोबरातली ती सकाळ. धुकं असं पडलं होतं, की माझाच हात मला परक्याचा वाटत होता. मी नेडला द्यायला डाळीचे लाडू घेऊन निघाले. त्याच्या घरापाशी आले आणि थांबले.

दिवसाढवळ्या पडदे ओढलेले!

इकडं दिवसा पडदे फक्त एकाच कारणासाठी ओढतात. मी वर पाहिलं. माडीवरची खिडकी मात्र सताड उघडी. आत्म्याला वाट मिळावी म्हणून उघडतात तशी. दार लोटलेलं होतं. फटीतून आत पाहिलं, तर घरात कुणी गेलं की इकडं झाकतात तशी आरशावर पांढरी चादर. खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी. आणि ते उंच घड्याळ, ज्याची टिकटिक आमच्या घरापर्यंत यायची, तेही मरणाच्या वेळी थांबवतात तसं गप्प. लंबक सरळ उभा.

मला न सांगता कळलं.

तेवढ्यात धुक्यातून एक माणूस घराला वळसा घालून आला. काळा कोट, काळी विजार, डोक्यावर काळी उंच टोपी. त्याच्या खांद्यावर एक लांबलचक, बारीकशी काळी पिशवी होती. इतकी लांब, इतकी बारीक! आणि नेड मुळातच बांबू. त्यानं ती पिशवी अलगद गाडीत मागं ठेवली आणि वळून माझ्याकडं पाहिलं. त्यानं तोंड उघडलं.

मी ओठांवर बोट ठेवलं. नाही! अजून नाही! माश्यांच्या आधी कुणी काही बोलायचं नाही, आणि मला बोलायला लावायचं नाही!

तो एक क्षण बावरला. मग त्यानं हळूच टोपी काढली आणि मान झुकवली. किती सभ्य माणूस, मी मनात म्हटलं. सरावलेला आहे.

घरी गेले. काळी फीत कुठून आणू? शेवटी संक्रांतीच्या काळ्या साडीवरचा परकर काढला आणि टराटरा फाडला. किल्ली घेतली. बागेत गेले.

त्या बागेत मी शंभरदा गेले असेन. पण त्या दिवशी ती बाग माझ्या ओळखीची नव्हती. झाडं नव्हती, नुसते झाडांचे आकार होते. गवतात सडलेल्या सफरचंदांचा आंबूस वास. आणि धुक्याच्या आत कुठंतरी तो आवाज. पेट्या दिसायच्या आधी ऐकू येतात. सबंध जमीनच झोपेत घोरतेय असं वाटतं.

पहिल्या पेटीवर मी किल्लीनं तीनदा ठोठावलं.

आवाज थांबला.

त्या एका पेटीतला नव्हे हो! सगळ्या पेट्यांमधला! आख्खी ओळ एकदम गप्प. शाळा तपासणीला साहेब आल्यावर वर्ग होतो तशी. मी इतकी दचकले, की पाठ केलेलं सगळं इंग्रजी गिळलं. कसंबसं म्हटलं, “मधमाश्यांनो, तुमचा धनी नेड बेडोज गेला. डिलिसकडं गेला. जिथं ती गेली, तिथंच. आता तुमची धनीण मी. जाऊ नका.” मग मला रडू फुटलं, आणि रडायचं इंग्रजी मी शिकलेले नाही, त्यामुळं पुढच्या पेट्यांना मी तेच सगळं मराठीतही सांगितलं. “जाऊ नका गं बायांनो, त्याचं तुमच्याशिवाय कुणी नव्हतं!”

शेवटच्या पेटीला फीत बांधताना एक माशी बाहेर आली. उडाली नाही. माझ्या हातावर चढली, मनगटावरून चालत चालत किल्लीपर्यंत गेली, किल्लीवर थांबली. नीट बघितल्यासारखं केलं. आणि तशीच चालत आत निघून गेली.

मी मधमाश्यांना भिते, हे मी नेडला कधी सांगितलं नव्हतं. त्यानं कधी विचारलंच नाही ना!

आता एक गोष्ट मी विसरले होते. बागेच्या कुंपणापलीकडून रस्ता जातो, आणि त्या रस्त्यानं ग्विलियमबाई सकाळची पाकिटं वाटत जातात. त्यांनी काळ्या फिती पाहिल्या. दुसऱ्या कुठल्या गावात कुणी दार वाजवलं असतं, फोन केला असता, नाडी बघितली असती! पण इथं माश्यांना सांगून झालं म्हणजे सरकारी राजपत्रात छापून आल्यासारखं. माश्यांशी खोटं कोण बोलणार? आणि चर्चच्या घंटा वाजवायचं कामही ग्विलियमबाईंचंच.

मी नेडच्या पायरीवर बसले होते. पहिला ठोका पडला. धुक्यात तो कुठून आला ते कळेना. चर्च डावीकडं, आवाज उजवीकडून. तीन ठोके. मग तीन. मग तीन. पुरुष गेला की असे वाजवतात. मग वयाचे ठोके सुरू झाले, एकेक, सावकाश. माझं लाडकं क्रियापद मनोऱ्यावरून माझ्याच डोक्यावर पडत होतं, आणि दर ठोक्यानंतर बागेतून उत्तर आल्यासारखी एक बारीक गुणगुण उठायची आणि विझायची.

तासाभरात नेडच्या स्वयंपाकघरात हॅम आला, फ्रूटकेक आले, शेरीच्या बाटल्या आल्या. माणसं कुजबुजत होती. चादरी घातलेल्या खुर्च्यांवर बसायची कुणाची हिंमत होईना, त्यामुळं सगळे भिंतीला टेकून उभे, जणू फोटो काढायचाय. ग्विलियमबाईंनी मला मिठी मारली. त्यांनी या आधी कुणाला मिठी मारलेली गावानं पाहिली नव्हती.

“बाई माझे,” त्या म्हणाल्या, “तू केलंस हो. घरच्यासारखं केलंस.”

सांगू नये, पण त्या दुःखात मला बरं वाटलं. बरंच बरं वाटलं.

“आता माश्यांचा वाटा देऊन ये,” बाई म्हणाल्या. “दिवसाचं गोड त्यांनाही लागतं.”

मी केकचा तुकडा आणि शेरीचा पेला घेऊन पुन्हा बागेत गेले. पेट्या अजून गप्प होत्या. मी केक कुस्करून पहिल्या पेटीपुढं ठेवत होते, तेव्हा मागं गवत वाजलं.

मी वळले.

धुक्यातून नेड बेडोज येत होता.

उंच, बारीक, पांढराफटक. हनुवटीखालून डोक्यावर पांढरी पट्टी बांधलेली. मेलेल्या माणसाचा जबडा उघडा पडू नये म्हणून बांधतात ना, अगदी तशी! डोळे माझ्यावर रोखलेले. तोंड वाकडं. त्यानं एक हात वर केला, फितींकडं बोट दाखवलं, आणि त्याच्या घशातून आवाज आला, “ऊंऽऽ... आऽऽ... ऊंऽऽ?”

मी रामरक्षा म्हणायला सुरुवात केली आणि ती थेट शेवटून सुरू झाली. शेरीचा पेला मी स्वतः प्यायले. तो पेला मुळात माश्यांचा होता, पण त्या क्षणी माझी गरज मोठी होती! मग मी किंचाळले. अनंतराव म्हणतात शेजारच्या गावात त्यांच्या पेशंटनं दचकून त्यांचं बोट चावलं. हे खोटं आहे. बहुधा.

आख्खं स्वयंपाकघर बागेत धावलं. धुक्यात सगळे थबकले. कुणाची तरी काटा-चमच्याची बशी पडली. फक्त ग्विलियमबाई पुढं झाल्या. नेडच्या छातीवर बोट टेकवलं, ढकलून पाहिलं, आणि ओरडल्या, “नेड बेडोज! तुझ्यासाठी ऐंशीच्या वर ठोके वाजवलेत मी! माझे दंड भरून आलेत! आणि तू इथं उभा?”

“ऊंऽऽ,” नेड म्हणाला.

“कुठं होतास? सांग!”

“ऊंऽऽ आंऽऽ.”

त्याला सांगता येईना! जगात सांगायची सर्वांत जास्त गरज असलेला माणूस, आणि त्यालाच सांगता येईना! तेवढ्यात आत फोन वाजला. मी धावले. पलीकडून अनंतराव.

“नेड पोचला का गं? त्याला म्हणावं बधिरपणा उतरेपर्यंत काही खायचं नाही. सकाळी सगळे दात काढले त्याचे. मफलर गच्च बांधून ठेव म्हटलंय, गारठ्यात ठणकेल.”

“अहो! तुम्ही काल मला सांगितलं का नाही?”

“पेशंटचं बाहेर सांगायचं नसतं,” अनंतराव शांतपणे म्हणाले. “का? काही झालं का?”

मी फोन ठेवला. दारात तो काळ्या कोटातला माणूस टोपी हातात धरून उभा होता. आता उजेडात दिसलं, त्याच्या नाकावर काजळी होती.

“मी टिमिस. धुराडं साफ करणारा. आमच्या धंद्याचा पोशाखच असा काळा,” तो म्हणाला. “माझा एक ब्रश राहिला आत. मघाशी विचारणार होतो, पण बाईंनी गप्प राहायला सांगितलं.” मग चादरी, आरसा, घड्याळ यांच्याकडं हात करून तो म्हणाला, “पडदे ओढा, आरसा झाका, लंबक थांबवा, वरची खिडकी उघडी ठेवा. काजळी बसू नये म्हणून. या घरच्या बाईंची शिस्त होती म्हणे. म्हाताऱ्यानं पढवूनच ठेवलं होतं मला.”

डिलिसची शिस्त! आणि त्याच्या पिशवीत ब्रशांच्या काठ्या! मी जमिनीत गाडून घ्यायला जागा शोधत होते, पण जमिनीवरही आधीच सगळीकडं हॅमच्या बश्या मांडलेल्या होत्या.

खरं सांगायचं तर लोक हसायला लागले होते. इथंच हे संपलं असतं, तर मी वर्षभर चेष्टा सोसून मोकळी झाले असते. पण बागेतून कुणीतरी हाक मारली, “अहो, इकडं या जरा.” त्या आवाजात हसू नव्हतं.

नेड पेटीपाशी उभा होता. रोजच्यासारखा त्यानं झाकणावर तळवा ठेवला होता. आणि माश्या बाहेर येत होत्या. धुक्यात, गारठ्यात, जेव्हा माशी पाय बाहेर ठेवत नाही तेव्हा. एकेक करून त्याच्या बाहीवर चढत होत्या, कसलाही आवाज न करता. एक त्याच्या गालावर बसली आणि तिनं नांगी मारली. नेडला कळलंच नाही. गाल बधिर होता. त्याला कळलं ते माझ्या चेहऱ्याकडं बघून. मग दुसरी हातावर चावली. डिलिस गेल्यापासून त्याला एकही माशी चावली नव्हती.

मी पुढं झाले. (पाय माझे नव्हतेच, कुणाचे तरी उसने.) त्याचा हात धरून मागं ओढला. माझ्या हातावर आल्या, त्या नुसत्या चालल्या. परत गेल्या.

“ही धनीण आहे म्हणून त्यांना सांगून झालंय,” ग्विलियमबाई हळू आवाजात म्हणाल्या. “आणि हा आता त्यांच्या लेखी...”

आम्ही त्याला आत आणून बसवलं. एकेक करून माणसं निघून गेली. हॅम ठेवून गेली, कारण आणलेला हॅम परत न्यायचा कसा, याचा रिवाज कुणाला ठाऊक नव्हता. राहिलो आम्ही तिघं. मी, ग्विलियमबाई आणि नेड. दुपार कलली तशी त्याच्या जिभेत जान आली. पहिलं वाक्य त्यानं मलाच विचारलं.

“काय सांगितलंस? शब्द न् शब्द.”

“तुम्ही गेलात म्हटलं. चुकलं माझं, मी...”

“ते जाऊ दे. जायचंच आहे. पुढं?”

“म्हटलं, डिलिसकडं गेला. जिथं ती गेली, तिथंच.”

नेडनं कप खाली ठेवला. बशीवर नाही, टेबलावर. डिलिसनं पाहिलं असतं तर...

“कुठल्या भाषेत?” त्यानं विचारलं.

“अं?”

“डिलिसचं. कुठल्या भाषेत सांगितलंस?” त्याच्या आवाजात अशी काही आशा होती, की मला खोटं बोलावंसं वाटलं.

“दोन्ही,” मी म्हटलं.

घड्याळ अजून कुणी सुरू केलं नव्हतं.

“डिलिस गेली,” नेड म्हणाला, “हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.”

“काय बोलतोस!” ग्विलियमबाई उठून उभ्या राहिल्या. “फिती बांधल्या होत्यास की! मी पाहिल्या!”

“फिती बांधल्या. किल्लीही घेऊन गेलो. बोललो नाही.” तो खिडकीकडं बघत होता. “रोज जायचो, सांगायचो. आज तिचे गुडघे दुखतायत. आज ती जॅम करतेय, हात चिकट झालेत. आज पाऊस आहे, उद्या येईल. ती मेली असं ज्याला वाटत नाही, असं निदान कुणीतरी पाहिजे होतं मला.”

ग्विलियमबाई खाली बसल्या. त्यांनी शेरीची बाटली स्वतःकडं ओढली आणि मग न ओतताच परत ठेवली.

“आता कळलं त्यांना,” नेड म्हणाला. “तीन वर्षं मी फसवलं ते. हिवाळ्याच्या तोंडावर उठून गेल्या तर जगत नाहीत. गेल्या तर ती पण...”

पुढं त्याला सांगता आलं नाही, आणि या वेळी दातांचा काही संबंध नव्हता.

मला क्रियापदं कळतात, माणसं कळत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. तीस वर्षं मी त्या एका शब्दाचे अर्थ गोळा करत होते. त्याचा एक अर्थ न सांगणं असाही असतो आणि ते न सांगणं एखादा माणूस रोज संध्याकाळी किल्ली खिशात घेऊन बागेत उभा राहून करत असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी लोखंडी किल्ली काढून टेबलावर ठेवली. “चला,” मी म्हटलं.

“चावतील.”

“मी येते ना बरोबर. मी धनीण आहे!” आवाज असा काढला, जसं काही मी घाबरत नव्हतेच.

उजेड जायला आला होता. धुकं खाली बसलं होतं, गुडघ्यांपर्यंत. पेट्या त्यावर तरंगत असल्यासारख्या. आवाज शून्य. नेडनं पहिल्या पेटीवर किल्लीनं ठोठावलं, पण इतकं हळू, की मलाच ऐकू आलं नाही. मी त्याच्या कोपराला धक्का दिला. त्यानं पुन्हा ठोठावलं.

“डिलिस गेली,” तो म्हणाला. मफलरमधून, दातांशिवाय, अर्धे शब्द सांडत. “फेब्रुवारीत गेली. वरच्या खोलीत. तुमच्याबद्दलच विचारत होती, बर्फात सगळ्या ठीक आहेत ना. मी म्हटलं, ठीक आहेत. ते खरं होतं. बाकी सगळं खोटं होतं. ती जॅम करत नव्हती.”

काही नाही. धुक्यात एक सफरचंद पडलं. मी एवढी दचकले, की नेडनंच मला धरलं.

तो दुसऱ्या पेटीकडं गेला. तिसऱ्या. प्रत्येकीला तेच, पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता. शेवटची पेटी झाली. आम्ही उभे राहिलो. मला वाटलं आत आता कुणीच नाही. मला वाटलं, आत कुणीतरी आहे आणि ते ऐकतंय. दुसरं जास्त वाईट होतं.

मग अगदी टोकाच्या पेटीतून एक सूर उठला. बारीक. मग शेजारच्या पेटीतून, तोच. मग तिच्या शेजारच्या. तो सूर ओळीनं आमच्याकडं येत गेला, पेटीमागून पेटी, आणि आमच्या पायांखालची जमीन झोपेतल्यासारखी गुणगुणायला लागली. नेडनं टोपी काढली.

“राहतायत,” तो म्हणाला.

“कशावरून?”

“मला न सांगता कळतं,” नेड म्हणाला. आणि दात नसलेल्या तोंडानं हसला, मेला!

यंदाच्या वसंतात मी बघितलं, एकही पेटी रिकामी झाली नव्हती. म्हणजे मी उघडून बघितलं. हो, मीच. कारण त्या संध्याकाळी परत येताना फाटकाशी मी नेडला म्हटलं होतं, “चला, उद्या सकाळी तुमचंही सांगून टाकू. की तुम्ही जिवंत आहात.”

नेड थांबला. एक मालगाडी गेली, मग दुसरी गेली.

“नको,” तो म्हणाला. “आज सांगितलं, मेला. उद्या सांगायचं, नाही मेला. काय विश्वास ठेवतील आपल्यावर? त्यांना आता खोट्याची सवय नको. आणि पोरी, त्या पेट्या उचलून माझी कंबर गेलीय.”

तेव्हापासून नेड फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसतो, लोकांनी त्याच्या दिवसाला आणून दिलेली शेरी पितो आणि मला ओरडून सांगतो. झाकण डावीकडनं! धूर हळू! माशीशी मराठीत बोल, त्यांना ते आवडतं! मला आत्तापर्यंत किती चावल्या ते विचारू नका. त्याला एकही चावत नाही. मेलेल्याला कोण चावतं?

परवा पुन्हा दिवसाढवळ्या त्याच्या घराचे पडदे ओढलेले दिसले. आता मी शहाणी झालेय. काहीही ओळखलं नाही, कुणालाही काही सांगितलं नाही. सरळ जाऊन दार बडवलं.

“जिवंत आहे!” आतून ओरडला. “चहा टाक!”

गावात सगळ्यांना हे ठाऊक आहे. पाद्रीबुवांना आहे, ग्विलियमबाईंना आहे, कॅनडातल्या मुलालाही फोन करून झालाय. फक्त त्या बागेच्या बाजूनं जाल, तेव्हा कृपा करून जरा हळू बोला. माश्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.